आठ फेब्रुवारीची रिकामी पेटी

१

पेटी उघडली, तर आत निळ्या मखमलीचा गोल खळगा तेवढा होता. खळग्यात बसणारी वस्तू नव्हती.

पेटी उघडणाऱ्या बाईने ती मिटली, पुन्हा उघडली. माणूस असा वेडेपणा करतोच. मग तिने मखमल चाचपली, पेटी उलटी केली, फळीच्या मागे हात घालून पाहिलं. शेवटी ती कोठीतल्या स्टुलावर बसली आणि बराच वेळ उठली नाही.

मुलांच्या त्या संग्रहालयात पहिल्या मजल्यावर 'दिनविशेष दालन' होतं. दालनात काचेचं एकच कपाट. त्यात रोज त्या त्या तारखेच्या वस्तू मांडायच्या. एकाच तारखेला, पण वेगवेगळ्या साली, वेगवेगळ्या देशांत जे जे घडलं, त्याची आठवण देणाऱ्या. कपाटात राजा खलाशाशेजारी बसे आणि गणिती गवयाशेजारी. ज्यांची जन्मात कधी गाठ पडली नसती, त्यांची इथे एक दिवस पडे. संध्याकाळ झाली की वस्तू आपापल्या लाकडी पेटीत जात आणि पेट्या मागच्या कोठीत. मग वर्षभर त्यांना कोणी विचारत नसे.

पेट्यांवर बाहेरून फक्त क्रमांक. कुठली पेटी कुठल्या दिवशी काढायची, हे दालन सांभाळणाऱ्या बाईला तोंडपाठ होतं. मुलं तिला पेटीताई म्हणत, आणि मुलांचं ऐकून मोठी माणसंही.

तिची एक शिस्त होती. परवा मांडायच्या वस्तू आज पुसून ठेवायच्या. म्हणून सहा फेब्रुवारीच्या त्या सकाळी तिने आठ फेब्रुवारीच्या पेट्या काढल्या होत्या. त्यातलीच ही एक. हिच्यात प्लॅटिनमची छोटी मूस असे. मूस म्हणजे रसायनशाळेत पदार्थ तापवायची वाटी. मूलद्रव्यांची सारणी मांडणाऱ्या थोर रसायनशास्त्रज्ञाचा जन्म आठ फेब्रुवारीचा, म्हणून त्या दिवशी ती कपाटात मांडली जाई. सगळ्या संग्रहालयात तिच्याइतकी मोलाची दुसरी वस्तू नव्हती.

पेटीताई खाली गेली आणि व्यवस्थापकांना एवढंच म्हणाली, "मूस पेटीत नाही."

व्यवस्थापकांनी चष्मा काढून ठेवला. चार वाजता संचालक येणार आहेत, काय ते त्यांनाच सांगा, असं म्हणाले. मग थांबून त्यांनी पुढे जोडलं, की कोठीची किल्ली तुमच्याच गळ्यात असते, हे संचालकांच्याही लक्षात येईल.

२

पेटीताईने फोन केला तो तिच्या शाळेतल्या इतिहासाच्या बाईंना. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गावातली मुलं अजून रस्त्यात अडवून त्यांना एखादी तारीख विचारत आणि त्या दिवशी काय काय घडलं ते ऐकून मगच वाट सोडत. त्यांचं नाव तारीखबाई पडलं होतं. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

तारीखबाई आल्या, कोठीतल्या त्याच स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "रडायचं असेल तर आधी रडून घे. मग सांग."

पेटीताई रडली नाही. तिने सगळं क्रमाने सांगितलं. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात वाळवी बघायला तिने सगळ्या पेट्या उघडल्या होत्या, तेव्हा मूस जागेवर होती. त्यानंतर ही पेटी आजच उघडली. कोठीच्या कुलपाची एक किल्ली तिच्या गळ्यात, दुसरी खाली व्यवस्थापकांच्या खोलीत, खुंटीवर. त्या खोलीत दालनाचे फलक रंगवणारा चित्रकार चहाला येऊन बसतो. शनिवारी-रविवारी मुलांना दालन दाखवायला औषधवाल्या आजींचा नातू येतो, तोही तिथेच सही करतो. मूस दिली होती ती या आजींनी. त्यांच्या नवऱ्याचं औषधांचं दुकान होतं, मागे छोटी प्रयोगशाळा होती. नवरा गेल्यावर आजी मूस घेऊन आल्या, त्या पेटीताईकडे बघून. परवा त्या दरवर्षीसारख्या मूस बघायला येणार होत्या.

"नोकरी जाईल ती जाईल, बाई," पेटीताई म्हणाली. "पण आजींना काय सांगू? मी घेतली असं त्यांना वाटलं तर?"

तारीखबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. वर्गात पहिल्या बाकावर बसणारी, उत्तर चुकलं तर कानापर्यंत लाल होणारी ही मुलगी. पण त्याला वीस वर्षं होऊन गेली होती, आणि वीस वर्षांत माणसाचं काय होईल ते सांगता येत नाही. शिवाय किल्ली गळ्यात होती.

"तू घेतलीस का?" त्यांनी विचारलं.

पेटीताई कानापर्यंत लाल झाली. ती रागाने झाली की भीतीने, हे तारीखबाईंना ठरवता येईना.

३

उठताना त्यांनी पेटीताईला बजावलं, की पेटी आज का उघडली हे विचारल्याशिवाय कोणाला सांगायचं नाही. मग त्या खाली गेल्या.

चित्रकाराची खोली जिन्याखाली होती. तो फलकावर एका दाढीवाल्या माणसाचं तोंड कोळशाने काढत होता. परवासाठी, तो म्हणाला. एवढी दाढी भरायलाच एक दिवस जातो. मुशीचं ऐकून त्याने भुवया उंचावल्या, पण हातातला कोळसा थांबला नाही. त्याचं आणि पेटीताईचं फारसं जमत नव्हतं, हे त्याने आपणहून सांगितलं. ती फलकावरच्या सालातला एक आकडा चुकला तरी पुसायला लावते, आणि मुलं तर चित्रंच बघतात, आकडे कोण बघतो. दालन बंद करून तिथे मोठे पडदे लावायचं व्यवस्थापकांच्या मनात आहे. पडद्यांवर हलती चित्रं येणार, आणि ती काढायचं काम यालाच मिळणार.

"म्हणजे दालन बंद पडलं तर तुमचं भलंच," तारीखबाई म्हणाल्या.

"भलं कुणाला नको असतं, बाई? तुमच्या लाडकीला तेवढं सांगू नका."

मूस शेवटची कधी पाहिली, तर गेल्या वर्षी, तिच्या दिवशी. शेजारी अंतराळयानाची प्रतिकृती होती. तीन अंतराळवीर बारा आठवडे आकाशात राहून आठ फेब्रुवारीलाच परत आले होते ना, ते यान. त्यानंतर तो वर गेलाच नव्हता. गुडघे दुखतात, फलक खालीच रंगवतो.

आजींच्या नातवाला त्यांनी त्याच्या दुकानात गाठलं. औषधांचं दुकान आता तोच चालवत होता. मूस गेली हे ऐकून तो खाली बसला, मग लगेच उठून उभा राहिला. आजीला कळलंय का, हा त्याचा पहिला प्रश्न होता. दुसरा प्रश्न त्याने विचारला नाही, पण तोंडावर दिसत होता: माझ्यावर संशय आहे का? आणि संशयाला जागाही होती. मूस देऊन टाकायला त्याचा विरोध होता. घरातली वस्तू घरात राहायला हवी, परक्याच्या काचेत कशाला, असं तो आजीशी भांडला होता. ते त्याने लपवलं नाही.

"पण आजी दर आठ फेब्रुवारीला माझा हात धरून तो जिना चढते," तो म्हणाला. "गेल्या वर्षी त्या यानाकडे बघून म्हणाली, ह्या पिंपाशेजारी कशाला ठेवलीय माझी मूस? तिला परवा रिकामं कपाट दाखवायचं असतं, तर मी मूस घेतली असती."

उत्तर चांगलं होतं. जरा जास्तच चांगलं होतं. रात्री जागून तयार केल्यासारखं. तारीखबाईंनी ते मनात ठेवून दिलं आणि त्या संग्रहालयाकडे परत निघाल्या.

४

व्यवस्थापकांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी मागवलं, आणि आपण किती कामात आहोत ते सांगितलं. ते गेल्या उन्हाळ्यात इथे आले होते. यायच्या आधी एका मोठ्या दुकानाची व्यवस्था बघत. खोली नीटनेटकी होती. भिंतीवर किल्ल्यांच्या खुंट्या, कोपऱ्यात पोलादी कपाट, टेबलावर पडद्यांच्या दालनाचा रंगीत नकाशा.

त्यांचं म्हणणं, बाईंच्या प्रामाणिकपणाबद्दल त्यांना काही म्हणायचं नाही. पण एकच माणूस, कुठे काय आहे हे त्याच्याच डोक्यात, अशी व्यवस्था आजच्या काळात चालत नाही. उद्या ती आजारी पडली तर दालन बंद. आज मूस गेली, उद्या आणखी काही जाईल आणि कळणारसुद्धा नाही. उन्हाळ्यात सगळ्या पेट्या उघडून तपासणी करायची असं त्यांनी ठरवलंच होतं. ते आवाज न चढवता बोलत होते, आणि बोलणं पटण्यासारखं होतं.

तारीखबाईंनी सगळ्यांना विचारलेलाच प्रश्न त्यांनाही विचारला. मूस शेवटची कधी पाहिलीत?

"सत्तावीस जानेवारीला," व्यवस्थापक म्हणाले. "तिचा दिवस होता ना. त्या विजेच्या दिव्याशेजारी मांडली होती. मी रोज फेरी मारतो. संध्याकाळी बाईंनी ती आत नेली. पुढचं त्यांनाच विचारा."

तारीखबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मान डोलावली, आभार मानले आणि त्या बाहेर पडल्या.

जिना चढताना मात्र त्या दोनदा थांबल्या. गुडघ्यांमुळे नव्हे. सत्तावीस जानेवारीला विजेच्या दिव्याचं पेटंट मिळालं, दिवा त्या दिवसाचा, हे खरं. पण मूस? पेटीताई म्हणते, पहिल्या आठवड्यानंतर मी पेटी उघडलीच नाही. हा माणूस म्हणतो, दहा दिवसांपूर्वी ती कपाटात होती, मी डोळ्यांनी पाहिली. दोघांपैकी एक खोटं बोलत होतं. चित्रकार वर जात नाही, नातू आठवड्याच्या मधल्या दिवशी येत नाही. साक्ष द्यायला तिसरं कोणी नाही. आणि चार वाजता संचालक व्यवस्थापकांचं ऐकणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

पहिल्या बाकावरची मुलगी त्यांना पुन्हा आठवली. आणि पुन्हा तिचे लाल कान.

५

"सत्तावीस जानेवारीला कपाटात काय काय होतं?" त्यांनी पेटीताईला विचारलं.

"दिवा. आणि संगीतकाराचा छोटा पियानो, त्यांचा जन्मदिवस असतो."

"मूस?"

"मूस कशी असेल, बाई? तिचा दिवस परवा आहे."

तारीखबाईंनी रिकामी पेटी मागितली. आजवर त्यांनी मूस अनेकदा पाहिली होती, पण काचेतून. पेटी कधी पाहिली नव्हती. ती कोठीतच राहायची. त्यांनी ती खिडकीशी नेली आणि झाकण पूर्ण मागे पाडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला, अस्तरात बसवलेली पितळी पट्टी होती. तिच्यावर त्या शास्त्रज्ञाचं नाव कोरलेलं, आणि नावाखाली जन्मतारीख.

सत्तावीस जानेवारी.

त्यांनी तो आकडा बोटाने पुन्हा चाचपला, तशी पेटीताई घाबरली. मग तिने समजावून सांगितलं. ती जुनी तारीख आहे. आजींच्या नवऱ्याकडे त्या शास्त्रज्ञाच्या देशातलं एक जुनं रसायनाचं पुस्तक होतं, त्यातली तारीख त्यांनी तशीच कोरून घेतली. "त्या देशात तेव्हा जुनं कॅलेंडर चालायचं. तुम्हीच सातवीत शिकवलं होतं. संत्री आणली होती दोन, एक सूर्य, एक पृथ्वी."

संत्र्यांचं तारीखबाईंना आठवत नव्हतं, पण धडा आठवत होता. जुन्या कॅलेंडरात वर्ष खऱ्या वर्षापेक्षा किंचित मोठं धरलेलं. किंचित म्हणजे काही मिनिटंच, पण शेकडो वर्षं साचत गेली तशी ती मिनिटं दिवस झाली आणि कॅलेंडर सूर्याच्या मागे पडलं. मग एकेका देशाने मधले दिवस गाळले आणि नवं कॅलेंडर घेतलं. कोणी चारशे वर्षांपूर्वी, कोणी शंभर. शास्त्रज्ञ जन्मला तेव्हा दोन्हींत बारा दिवसांचं अंतर होतं. त्याच्या गावात सत्तावीस जानेवारी होती, त्याच दिवशी, त्याच सूर्याखाली, शेजारच्या देशात आठ फेब्रुवारी उजाडली होती.

"ही पट्टी कोणी पाहिली आहे?"

"मी आणि आजी. नातवाने एकदा. पेटी बाहेर येतच नाही."

तारीखबाईंनी झाकण हळूच मिटलं. "चारला संचालकांच्या खोलीत ये," त्या म्हणाल्या. "आणि येताना ही पेटी आण."

६

संचालक वयस्क होते, कमी बोलत आणि घड्याळाकडे जास्त बघत. त्यांच्या टेबलासमोर व्यवस्थापक, चित्रकार, बोलावून आणलेला नातू, आणि दाराशी पेटी छातीशी धरून पेटीताई.

व्यवस्थापकांनी थोडक्यात सांगितलं. सत्तावीसला मूस कपाटात होती, त्यानंतर ती बाईंच्या ताब्यात होती, आज नाही. संचालकांनी पेटीताईकडे पाहिलं. काही म्हणायचंय का?

"तिच्या वतीने मी म्हणते," तारीखबाई म्हणाल्या. "वर्गात घ्यायचे तसा थोडा वेळ घेईन."

त्यांनी आधी एक साधा प्रश्न टाकला. ज्या पेट्या वर्षातून एक दिवस मांडण्यासाठी निघतात, त्यातलं काही पळवायचं असेल तर केव्हा पळवाल? दिवस उलटून गेल्यावर. म्हणजे पुढे कितीतरी महिने पेटीकडे कोणी बघणार नाही, आणि बघेल तेव्हा चोरी केव्हा झाली हेही सांगता येणार नाही. मूस गेली जानेवारीच्या पहिल्या आठवड्यानंतर. जो कोणी जाणत होता की तिचा दिवस आठ फेब्रुवारी, त्याच्यासाठी याहून वाईट वेळ नव्हती. चित्रकार जाणत होते. ते परवाच्या फलकावर दाढी रंगवताहेत. नातू जाणत होता. तो दर आठ फेब्रुवारीला आजीला घेऊन येतो. पेटीताई तर जाणतेच. या तिघांपैकी कोणाला चोरी करायची असती, तर त्याने आणखी थोडे दिवस कळ काढली असती.

"म्हणजे चोर तो," तारीखबाई म्हणाल्या, "ज्याला वाटत होतं की मुशीचा दिवस होऊन गेला."

चित्रकार हळूच वळून व्यवस्थापकांकडे बघू लागला.

व्यवस्थापक हसले. तारखेत माझी गफलत झाली असेल, ते म्हणाले. रोज वेगळ्या वस्तू, रोज नवी तारीख. कुठेतरी वाचलं असेल सत्तावीस.

"कुठे?" तारीखबाईंनी विचारलं. "हल्लीच्या पुस्तकांत आठ फेब्रुवारी असते. एखाद्यात सत्तावीस सापडलीच, तर तिच्या शेजारीच आठही छापलेली असते, आणि का ते सांगितलेलं असतं. ते वाचणाऱ्याला दोन्ही तारखा कळतात. नुसती सत्तावीस या इमारतीत एकाच ठिकाणी आहे. ताई, दाखव."

पेटीताईने पेटी टेबलावर ठेवली आणि झाकण मागे पाडलं. संचालकांनी वाकून पट्टी वाचली. मग चष्मा लावून पुन्हा वाचली.

"ही पट्टी पेटी उघडल्याशिवाय दिसत नाही," तारीखबाई म्हणाल्या, "आणि पेटी कोठीतून बाहेर येत नाही. साहेब, यांनी ती कधी उघडली ते विचारा. मूस दिव्याशेजारी पाहिली म्हणतात. ती यांनी पाहिलेली नाही, मनाने मांडली. पट्टीवर सत्तावीस वाचली, त्या दिवशी कपाटात दिवा होता हे माहीत होतं, तेव्हा मूसही असणारच, असं धरून चालले. आणि आणखी एक. सकाळी ही मुलगी म्हणाली, मूस पेटीत नाही. कोणीही विचारलं असतं, तू आज पेटी कशाला उघडलीस? यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर परवाचा दिवस कळला असता आणि हे वाचले असते. पण मूस नाही याचं यांना नवल वाटलंच नाही, मग प्रश्न कुठून सुचणार?"

व्यवस्थापक म्हणाले की हा नुसता तर्क आहे. आवाज अजूनही चढला नव्हता, पण चष्मा त्यांनी काढला, पुसला आणि परत घालायचं विसरले.

संचालकांनी हात पुढे केला. "तुमच्या पोलादी कपाटाची किल्ली द्या."

व्यवस्थापकांनी ती द्यायला वेळ लावला, आणि त्या वेळातच सगळ्यांना उत्तर मिळालं.

मूस रुमालात गुंडाळून, पडद्यांच्या नकाशांच्या मागे ठेवलेली होती. ते ती विकणार नव्हते, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि ते खरंही असावं. उन्हाळ्याच्या तपासणीत पेटी रिकामी निघाली असती. केव्हा गेली, कशी गेली, हे पेटीताईला सांगता आलं नसतं. जिला आपल्या दालनातली सगळ्यात मोलाची वस्तू गेल्याचंही कळत नाही, तिच्या हातात दालन कशाला, असं म्हणून ते बंद झालं असतं. मग मूस एखाद्या फळीमागे 'सापडली' असती. कोणाचं काही गेलं नसतं, व्यवस्थापक म्हणाले.

"माझं गेलं असतं," पेटीताई म्हणाली. एवढ्या वेळात ती एवढंच बोलली.

७

संध्याकाळी कोठीत दोघीच होत्या. संचालकांनी माफी मागितली होती. नातू आजीला यातलं काही कळू द्यायचं नाही असं ठरवून गेला होता. चित्रकाराने जाता जाता दारातून डोकं घालून, परवाचं साल एकदा तपासून घे, असं पेटीताईला सांगितलं होतं.

पेटीताई मूस पुसत होती. फडकं एकाच जागी बराच वेळ फिरत राहिलं.

"बाई, खरं सांगा. तुम्हालाही माझा संशय आला होता ना?"

तारीखबाईंना खोटं बोलता आलं असतं. तेवढा लळा होता.

"हो," त्या म्हणाल्या. "ती पट्टी बघेपर्यंत."

"आणि पट्टी बघितल्यावर?"

"त्यानंतर तू खरी ठरलीस. तोपर्यंत नुसती माझी आवडती होतीस."

पेटीताईने मान वर केली नाही. तारीखबाईंना वाटलं, आता ही रुसणार, आणि तो तिचा हक्कच आहे. मग पेटीताईने मूस त्यांच्या ओंजळीत ठेवली. "जरा धरा," ती म्हणाली, "मी मखमल झटकून घेते." आणि पाठ करून ती कामाला लागली.